आधी ओळख, मग पाना

समजा, आज तुमच्या घरासमोर एक जुनी मॉरिस मायनर येऊन उभी राहिली. बाबांनी घेतली असेल, मावशीने कुणाच्या तरी शेडमधून सोडवून आणली असेल, किंवा तुम्ही स्वतः पैसे साठवून घेतली असेल. चाकांत हवा नाही. दाराखालच्या पत्र्याला गंज लागलाय. आत ओल्या गोधडीसारखा वास येतोय. तरीही सगळं घर बाहेर येऊन तिच्याभोवती फिरतंय. पुढे काय होतं, तेही ठरलेलंच असतं. संध्याकाळी कुणीतरी पाना घेऊन येतं, आणि रात्री कुणीतरी रंगांचे नमुने बघत बसतं.

माझं मत सरळ सांगते. पहिला महिनाभर पाना कपाटात ठेवा. त्याऐवजी एक वही, एक टॉर्च आणि एक लोहचुंबक घ्या. ही गाडी नेमकी कोण आहे, हे आधी शोधा. तिला सुंदर करायला पुढे वर्षं पडली आहेत. पण आज ती जशी आहे, तशी पहिल्या स्क्रूनंतर पुन्हा कधीच दिसणार नाही.

मायनरचंच उदाहरण का घेतलं? कारण तुम्ही ब्रिटनमध्ये राहत असाल, तर जुन्या गाड्यांमध्ये ही तुम्हाला हमखास दिसेल. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टमधल्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या कारखान्यात ती बनायची. तिचा आराखडा अॅलेक इसिगोनिस यांचा. पुढे ‘मिनी’ काढली तेही हेच. मायनर वीस वर्षांहून जास्त काळ बनत राहिली, आणि १६ लाखांपेक्षा जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. आपलंही तिच्याशी लांबचं नातं आहे बरं का! १९५० च्या दशकात भारतात हिंदुस्तान मोटर्सने हीच गाडी ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने बनवली. आणि भारतात तुम्ही ज्या अँबॅसॅडरमध्ये बसला असाल, ती मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, म्हणजे मायनरची मोठी चुलत बहीणच.

आता ओळख कशी पटवायची? आधी लांब उभे राहून बघा. पुढची काच दोन तुकड्यांची आहे आणि मध्ये पट्टी आहे? मग गाडी १९५६ च्या आधीच्या घडणीची. एकच वळणदार काच असेल तर नंतरची. हेडलाइट खाली, जाळीच्या बाजूला आहेत? मग ती अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी आहे. अमेरिकेतल्या नियमांमुळे पुढे ते वर, मडगार्डमध्ये गेले. दारामागच्या खांबातून हातासारखी छोटी पट्टी बाहेर येऊन ‘मी वळतोय’ असं सांगते का? तो जुना इंडिकेटर. १९६१ पासून त्याच्या जागी लुकलुकणारे दिवे आले.

इंजिनही वय सांगतं. पहिलं इंजिन ९१८ सीसीचं, मग ८०३, मग ९४८, आणि १९६२ पासून १०९८. पण इथे सावध राहा. इंजिन बदलणं सोपं असतं. कितीतरी जुन्या मायनरमध्ये नंतरचं, जास्त ताकदीचं इंजिन बसवलेलं सापडतं. त्यामुळे इंजिनाने सांगितलेलं वय हे फक्त इंजिनाचं वय, असं धरून चाला. नंबरप्लेटचंही तसंच. १९६३ पासून नंबरच्या शेवटी वर्षाचं अक्षर येऊ लागलं, पण ते वर्ष गाडी नोंदवल्याचं असतं, बनल्याचं नाही. शिवाय इथे नंबर विकलेही जातात.

सगळ्यात खात्रीचं काय, तर कारखान्याची प्लेट. बॉनेट उघडा. इंजिनामागे पत्र्याची उभी भिंत दिसेल, तिच्यावर ही छोटी प्लेट असते. उदाहरणार्थ, त्यावर ‘एमए२एस५’ आणि पुढे एक मोठा आकडा असेल. ‘एम’ म्हणजे मॉरिस. ‘ए’ म्हणजे इंजिनाचा गट. ‘२एस’ म्हणजे दोन दारांची सलून. ‘टी’ म्हणजे टूरर, म्हणजे कापडी छपराची उघडी गाडी. ‘डब्ल्यू’ म्हणजे मागे लाकडी चौकट असलेली ट्रॅव्हलर. शेवटचा आकडा मालिकेचा.

एवढ्याशा अक्षरांनी काय फरक पडतो, असं वाटेल. पण उघड्या छपराच्या मायनरला सलूनपेक्षा जास्त भाव मिळतो. म्हणून अनेकांनी साध्या सलूनचं छप्पर कापून तिची टूरर केली. काहींनी हे काम नीट केलं, काहींनी फक्त करवत चालवली. मायनरला वेगळी चॅसी नाही. गाडीचा सांगाडाच पत्र्याचा आहे, आणि छप्पर त्या सांगाड्याचा भाग आहे. कारखान्याने टूरर बनवताना खालून जास्तीचे पत्रे लावून ती मजबूत केली. करवतवाल्याने तसं केलं असेलच असं नाही. तेव्हा गाडी उघडी आहे आणि प्लेटवर ‘२एस’ आहे, तर विकणाऱ्याच्या गोड बोलण्याकडे लक्ष देऊ नका, प्लेटकडे द्या. खरं तर पैसे देण्याआधीच हे बघायला हवं. प्लेटवरचा नंबर आणि गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचा नंबर जुळतो की नाही, हेही तेव्हाच तपासा.

मग एक पत्र पाठवा. वॉरिकशायरमध्ये गेडन नावाच्या गावी ब्रिटिश मोटर म्युझियम आहे. अनेक ब्रिटिश कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत. पैसे भरले की ते तुमच्या गाडीचा दाखला देतात. ती कधी बनली, कोणत्या रंगाची होती, कुठे पाठवली गेली, मूळ इंजिनाचा नंबर कोणता, हे त्यात असतं. जन्माचा दाखलाच म्हणा ना! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आधी गाडीला झगझगीत लाल रंग दिला, सगळा जुना रंग खरवडून काढला, आणि मग हौसेने हा दाखला मागवला. त्यात ‘निळा’ असं लिहिलं होतं. गाडी अजून लाल आहे, छान दिसते, त्याला कुणाची हरकत नाही. पण दारांच्या आतल्या बाजूला, गालिच्याखाली तो जुना निळा नक्की शिल्लक असणार होता. आता तो कुठेच नाही.

इथे कुणी म्हणेल, “अहो, गाडी आहे, देऊळ नाही!” देवळाचं नाव निघालंच आहे, तर तेच उदाहरण घेऊ. मराठीत ‘जीर्णोद्धार’ असा एक शब्द आहे. मोडकळीला आलेली जुनी वास्तू पुन्हा उभी करणं, हा त्याचा अर्थ. सुट्टीत गावी गेलात की बघा. कोरीव दगडी खांबांवर चकचकीत ऑइलपेंट फासलेला असतो. जुना लाकडी सभामंडप पाडून तिथे सिमेंटचा हॉल आणि बाथरूमसारख्या टाइल्स आलेल्या असतात. करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, वर्गणीही घाम गाळून जमवलेली असते. पण देऊळ तीनशे वर्षांचं होतं, हे आता फलकावर वाचून कळतं, बघून नाही. जुन्या गाड्यांचंही असंच होतं, आणि तेही प्रेमानेच.

मायनरच्या बंपरची गोष्ट यासाठी मला फार आवडते. गाडी कारखान्यात जवळजवळ तयार झाली होती. पण इसिगोनिस यांना ती अरुंद वाटत होती. त्यांनी नमुन्याची गाडी लांबीत मधोमध कापायला लावली आणि दोन्ही अर्ध्या एकमेकांपासून दूर सरकवल्या. ४ इंच अंतर पडलं तेव्हा त्यांचं समाधान झालं. तोपर्यंत जुन्या मापाचे बंपर मात्र तयार होऊन पडले होते. मग काय करणार? बंपर मध्ये कापले आणि तिथे ४ इंचांची जोडपट्टी लावली. म्हणून सुरुवातीच्या मायनरच्या बंपरला मधोमध ठिगळ असतं. बॉनेटवरही मधून एक रुंद पट्टी जाते, ती त्याच ४ इंचांची. आता कल्पना करा, हे माहीत नसलेला कुणी उत्साही माणूस म्हणतो, “छे, बंपरला सांधा आहे, नवा सलग घेऊया.” एका दुपारी त्याने गाडीची सगळ्यात मजेशीर खूण भंगारात टाकली!

आणि नवा बंपर मिळतोही लगेच. हीच मायनरची गंमत, आणि माझ्या मते तिच्यावरचं संकटही. तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आज नवा मिळतो. मडगार्ड, दाराखालचे पत्रे, रबर, सीटची कव्हरं, ट्रॅव्हलरची लाकडी चौकटसुद्धा. काही काळ तिचे पत्रे श्रीलंकेतही बनत होते. दुर्मीळ गाडीचा मालक प्रत्येक जुना तुकडा जपतो, कारण दुसरा मिळणार नसतो. मायनरचा मालक मात्र कॅटलॉग उघडतो आणि बोट ठेवत जातो. जो भाग साफ करून, तेल देऊन चालला असता, तोही बदलतो. दोन वर्षांनी दारात एक नवी गाडी उभी असते. जुनी प्लेट तेवढी राहते.

म्हणजे काहीच बदलायचं नाही? नाही, तसं मी म्हणत नाही. आपल्यात ‘जुनं ते सोनं’ म्हणतात, पण जुना गंज म्हणजे सोनं नव्हे. दाराखालचा पत्रा, ज्याला इथे सिल म्हणतात आणि आपण उंबरा म्हणू शकतो, त्यावर लोहचुंबक फिरवा. चुंबक चिकटला नाही, तर वरच्या रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी भरलेली आहे. असा उंबरा कापून तिथे नवा पत्रा वेल्ड करायलाच हवा, कारण गाडीची ताकद तिथे आहे. ट्रॅव्हलरच्या लाकडाचंही तसंच. ते शोभेचं नाही, मागच्या भागाचा भार ते उचलतं. कुजलं असेल तर बदला. पुढच्या चाकाला खालून धरणारा ट्रनियन नावाचा आट्यांचा सांधा असतो. त्याला नियमित ग्रीस मिळालं नाही तर आटे झिजतात, आणि एक दिवस चाक आडवं पडतं. ब्रेकचं तर बोलायलाच नको. रबरी नळ्या, सिलिंडर, टायर यांच्या बाबतीत हळवं होऊ नका. माझा हिशोब साधा आहे. ज्याने जीव जाऊ शकतो ते बदला. जे फक्त म्हातारं दिसतं ते राहू द्या. सीटचं फिकट झालेलं चामडं, स्टिअरिंगवर हातांनी गुळगुळीत झालेली जागा, खरचटलेलं दार, यांनी कुणाला इजा होत नाही.

याच कारणासाठी एका सरकारी सवलतीबद्दल मला राग आहे. ब्रिटनमध्ये ४० वर्षांपेक्षा जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाडीला दरवर्षीची एमओटी तपासणी सक्तीची नाही. अशा गाड्या कमी चालतात आणि मालक त्यांची काळजी घेतात, असा त्यामागचा विचार. पण काळजी घेणाऱ्यालाही गाडीचं पोट रोज दिसत नाही. सवलत असली तरी तपासणी करून घ्या. चार पैसे जातील. तुमच्या गाडीत आजी बसणार आहे.

महिना संपला, वही भरली, आता पाना काढा. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो, प्रत्येक स्क्रू पिशवीत, पिशवीवर नाव. बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन किल्लीने सुरू करायची घाई करू नका. स्पार्क प्लग काढून आत थोडं तेल सोडा, एक दिवस थांबा, मग पुढून हँडल घालून हाताने हळूच फिरवा. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका. नवं भरताना ई-१० ऐवजी ई-५ घ्या, कारण जास्त इथेनॉल जुन्या रबरी नळ्यांना खातं. बॅटरी जोडताना वायरी कुठे जातात ते नीट बघा. मायनरमध्ये मूळ जोडणी उलटी, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या पत्र्याला असतं. जुन्या ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवू नका, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं.

रंग सगळ्यात शेवटी. तोही पूर्ण काढण्याआधी एका कोपऱ्यात, डिकीच्या आत, हळूच घासून बघा. एकाखाली एक थर दिसतील. सगळ्यात खालचा कोणता आहे, ते वहीत लिहा. तो फिकट जांभळा निघाला, तर सँडपेपर लगेच खाली ठेवा आणि पुन्हा प्लेट वाचायला जा. डिसेंबर १९६० मध्ये मायनरने दहा लाखांचा आकडा गाठला. असा आकडा गाठणारी ती पहिली ब्रिटिश गाडी. त्या आनंदात कारखान्याने ३५० गाड्या याच रंगात काढल्या. आतल्या सीट पांढऱ्या होत्या, आणि बॉनेटच्या बाजूला ‘मायनर १०००’ ऐवजी ‘मायनर १०,००,०००’ असं लिहिलं होतं. बॅज कधीच हरवला असेल, सीट कुणीतरी बदलल्या असतील. पण डिकीतला तो जांभळा कोपरा अजून असू शकतो.