मला स्वयंपाक जमत नाही म्हणे!

मागच्या शुक्रवारी बेलव्ह्यूला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. नवरा-बायको दोघंही आपल्यासारखेच, कोड लिहून पोट भरणारे. त्या आठवड्यात वहिनींचा ऑनकॉल होता. म्हणजे ओट्याच्या एका टोकाला पोळपाट, दुसऱ्या टोकाला उघडा लॅपटॉप आणि मधे मधे फोन केकाटतोय. पोळी तव्यावर, आणि त्या कणकेच्या बोटांनी अलर्ट बंद करतायत. आमचे परममित्र सोफ्यावर. एक रेस कंडिशन आपण तीन दिवस खपून कशी शोधून काढली, ते मला रंगवून सांगत होते. मी म्हटलं, "अरे, आत जाऊन जरा मदत तरी कर." तर म्हणाला, "नाही रे, मला स्वयंपाक जमतच नाही. आणि वेळ कुठे असतो?"

डोकंच फिरलं. तिथे काही बोललो नाही (जेवायचं होतं ना!), म्हणून इथे बोलतोय.

जो माणूस कुणीतरी सात वर्षांपूर्वी लिहून सोडून दिलेला, डॉक्युमेंटेशनचा पत्ता नसलेला कोड वाचून दुरुस्त करतो, त्याला पाच ओळींची रेसिपी 'जमत नाही'? मंडळी, 'जमत नाही' याचा खरा अर्थ 'दुसरं कुणीतरी करतंय' एवढाच असतो. आधी आई, मग मेसवाल्या काकू, मग बायको. मला हे ठामपणे सांगता येतं कारण मी स्वतः तसाच होतो. इथे आलो तेव्हा वरण आणि आमटी यांतला फरक मला फक्त खाताना कळायचा!

आता वेळेचं बघू. मी मंगळवारी काय करतो ते घड्याळ लावून सांगतो.

भात धुऊन कुकरला लावायचा. तो होतोय तोवर छोट्या पातेल्यात 3 मोठे चमचे सोया सॉस, 2 मोठे चमचे किसलेला गूळ, थोडं किसलेलं आलं आणि दोन लसूण पाकळ्या ठेचून टाकायच्या. मंद आचेवर तीन-चार मिनिटं, चमच्याच्या पाठीला चिकटेल इतकं दाट होईपर्यंत. गॅस बंद करून अर्ध्या लिंबाचा रस. वेगळं मीठ नको, सोया सॉसमधे ते भरपूर असतं.

सॅमनचे दोन तुकडे, प्रत्येकी साधारण 170 ग्रॅमचे, कागदी टॉवेलने टिपून कोरडे करायचे. ही पायरी गाळू नका. ओला मासा तव्यावर भाजला जात नाही, वाफवला जातो. थोड्या तेलावर कातडीची बाजू खाली ठेवून चार-पाच मिनिटं हात लावायचा नाही. मग उलटून दोन मिनिटं, आणि शेवटच्या मिनिटाला तो सॉस वरून ओतायचा. आधी ओतलात तर गूळ करपतो आणि तुम्ही परत 'बघ, मला जमत नाही' म्हणायला मोकळे. कडेने पांढरं काहीतरी बाहेर येऊ लागलं तर घाबरू नका. ते माशातलं प्रथिन आहे, आच जास्त झाल्याची खूण. ज्यांना थर्मामीटर लागतो (इंजिनिअर शेवटी!) त्यांच्यासाठी अमेरिकन सरकारचा आकडा आहे 145 फॅरनहाइट, म्हणजे 63 सेल्सिअस.

सोबत वाफवलेली ब्रोकोली. एकूण 25 मिनिटं. बाहेरून मागवलं तर तेवढ्या वेळात डिलिव्हरीवाला पार्किंगही शोधत नाही.

यावर येणारे आक्षेप पाठ आहेत. 'घरभर वास येतो.' खिडकी उघडा, पंखा लावा. फोडणीचा खाट चालतो, मग हा का नाही? 'महाग पडतं.' गोठवलेली पाकिटं घ्या आणि महिन्याचं हॉटेलचं बिल शेजारी ठेवून बघा. 'आम्ही मासे खात नाही.' टोफू किंवा पनीर घ्या, सॉस तोच. 'हे काही आपलं जेवण नव्हे.' बरोबर, जपानी तेरियाकीचा हा गुळावर भागवलेला गावठी अवतार आहे. तेरी म्हणजे चकाकी, याकी म्हणजे भाजणं. पण सिअ‍ॅटलमधे तोशिहिरो कासाहारा यांनी 1976 साली तेरियाकीचं दुकान काढलं आणि ते या शहराचंच जेवण होऊन बसलं. आपण इथे राहतो, इथला मासा खातो. आणि आईच्या हातची चव हवीच असेल, तर आईला फोन करून शिकून घ्या की!

एक चलाख वर्ग अजून आहे. हे लोक उन्हाळ्यात रविवारी बार्बेक्यूसमोर चिमटा घेऊन उभे राहतात, फोटो काढून घेतात, आणि वर्षभर 'मी पण करतो की' म्हणतात. मॅरिनेशन कुणी केलं, कांदे कुणी चिरले, जाळी कुणी घासली ते फोटोत येत नाही. प्रश्न रविवारचा नाहीच. मंगळवारी सात वाजता, मीटिंगांनी डोकं उठलेलं असताना 'आज जेवायला काय' याचं उत्तर कोण देतं, हा आहे.

आणि इथे मी माझीही चूक मान्य करतो. गोठवलेला सॅमन आदल्या रात्री फ्रीझरमधून खाली काढून ठेवावा लागतो (हवाबंद पाकीट असेल तर फोडून). सुरुवातीला मी हे चार वेळा विसरलो आणि चार वेळा पिझ्झा मागवला. तेव्हा कळलं की 25 मिनिटांचं काम सोपं आहे, ते लक्षात ठेवणं अवघड आहे. सोया सॉस संपत आला, लिंबं नाहीत, उद्या कोण उशिरा येणार... हे सगळं घरात कुणाच्या तरी डोक्यात सतत चालू असतं. वहिनींच्या डोक्यात ते ऑनकॉलसकट चालू होतं.

म्हणून मी त्याला 'मदत कर' म्हणालो, तेही चूकच. मदत दुसऱ्याच्या कामात करतात. रात्रीचं जेवण हे वहिनींचं काम आहे असं मीसुद्धा धरूनच चाललो होतो. म्हणायला हवं होतं, 'मंगळवार आणि गुरुवार तुझे.' ठरवण्यापासून तवा घासण्यापर्यंत.

त्याला या पोस्टची लिंक पाठवतोय. दोस्ती राहिली तर पुढच्या शुक्रवारी कळवतो :-)

ता.क. 'म्हणजे आपला रावसच ना?' असं विचारणाऱ्यांसाठी: नाही. रावसाला इंग्रजीत इंडियन सॅमन म्हणतात खरं, पण त्याचं कुळ पूर्ण वेगळं. मुंबई-पुण्यात असाल तर नॉर्वेहून विमानाने आलेल्या सॅमनच्या मागे लागू नका. ताजा रावस घ्या, सॉस हाच. सबब मात्र तिथेही चालणार नाही.