घड्याळ लावून जुळवलेला रामघाट

आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून एक नवी शर्यत सुरू झाली आहे. शर्यत पळण्याची नव्हे, तुकडे जुळवण्याची. सुटीत उज्जैनला गेलो असता क्षिप्रेकाठच्या रामघाटाचे एक छायाचित्र घेतले होते. परतल्यावर त्याच्या दोन मोठ्या प्रती काढून त्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या आणि दोहोंचे एकाच आखणीवरून ९६-९६ तुकडे केले. एका बाजूस मुलगा व मी, दुसऱ्या बाजूस धाकटी मुलगी व माझी आई. मध्ये गजराचे घड्याळ.

लाकूड कापणाऱ्या बारीक करवतीवरून ह्या खेळाला पुढे जिगसॉ हे नाव पडले. अठराव्या शतकात, १७६० नंतरच्या दशकात, जॉन स्पिल्सबरी नावाच्या लंडनच्या नकाशाकाराने नकाशे फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, ते मुलांना भूगोल शिकवण्यासाठी. त्यात घाईचे काही कारण नव्हते. आता मात्र ह्या खेळाची जागतिक स्पर्धा भरते. २०१९ साली ती स्पेनमधील वायादोलिद येथे झाली. तेथे एकेकट्याने ५०० तुकडे जुळवायचे असतात, आणि चित्र सर्वांना एकच असते.

घड्याळ आले की खेळातील शिक्षण गेले, असे काही पालक म्हणतात. मी स्वतः शर्यतीच्या बाजूचा आहे. घड्याळ नसते तर आमचा रामघाट अर्धवट जुळून आठवडाभर पाटावर पडून राहिला असता. परंतु पहिल्या दिवशीच मला विचार करावा लागला. मुलाने कडेचे तुकडे झरझर वेगळे केले, मग नुसत्या खाचा बघून तो तुकड्यास तुकडा लावीत सुटला. आम्ही जिंकलो. त्याने बहिणीला ‘गोगलगाय’ म्हटले व ती रडवेली होऊन उठून गेली. मी सहज विचारले, “अरे, पायऱ्यांवरच्या छत्र्या किती होत्या?” त्याला छत्र्या होत्या हेच ठाऊक नव्हते. चित्र जुळवले होते, पाहिले नव्हते. (शेवटचा तुकडा आपणच ठेवावा म्हणून तो खिशात दडवणारा मात्र मुलगा नव्हे, मी होतो, हेही येथे कबूल करतो.)

दुसऱ्या दिवशी मुलीची समजूत घालून खेळ पुन्हा मांडला. निळसर तुकड्यांपाशी सारेच अडले. तेव्हा आई आमच्या कोंकणीत नातीला म्हणाली, “हें मळब न्हय गो, उदक तें.” हे आभाळ नव्हे, पाणी आहे. तुकड्यावरचे देवळाचे शिखर उलटे होते. क्षिप्रेत पडलेले ते प्रतिबिंब होते. घाटावर संध्याकाळच्या आरतीपर्यंत आई पाण्याकडेच बघत बसली होती, आणि आम्ही दुकाने हिंडत होतो. मग मुलीने उलट्या शिखरांचे, उलट्या दिव्यांचे सारे तुकडे खालच्या अंगास लावले. आम्ही दोघे हरलो, तेही बऱ्याच अंतराने.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. आधी पाच मिनिटे चौघांनी छायाचित्र एकत्र पाहायचे, त्यावर बोलायचे. मग ते पालथे ठेवायचे व घड्याळ लावायचे. मुलगा आता ती पाच मिनिटे मुळीच दवडत नाही. जोड्याही चिठ्ठ्या टाकून बदलतो, त्यामुळे आजीच्या वाट्याला येण्यासाठी त्याची धडपड असते. आपल्या स्नेहसंमेलनात अशी शर्यत ठेवावी, पण एकट्यादुकट्याची नव्हे, तर घरातील थोर व लहान अशा जोड्यांची, असे मला सुचवावेसे वाटते. चित्र आपल्या शाळेचेच असावे. आपल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीस खिडक्या किती, हे किती जण न बघता सांगू शकतील?

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ आहे. तेव्हाच्या रामघाटाचे चित्र आणू, असे मुलगा म्हणतो. इतकी माणसे कापायची कोणी, हा मुलीचा प्रश्न आहे.