नवी गाणी शुक्रवारीच का येतात? आणि 'या आठवड्याची गाणी' निवडतं कोण?

गुरुवारची मध्यरात्र उलटली की फोनवर नोटिफिकेशन येतं: या आठवड्याची नवी गाणी ऐका. पॉप, हिप-हॉप, इंडी, सगळं एकाच यादीत. पण त्यासाठी शुक्रवारच का?

शुक्रवार कधी ठरला?

२०१५ पर्यंत प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. ऑस्ट्रेलियात शुक्रवारी, ब्रिटनमध्ये सोमवारी, तर अमेरिकेत मंगळवारी नवे अल्बम येत. इंटरनेटमुळे हा फरक महागात पडू लागला. एका देशात आलेलं गाणं दुसऱ्या देशात चोरून ऐकलं जाई. म्हणून संगीत कंपन्यांची जागतिक संघटना 'आयएफपीआय'ने पुढाकार घेतला आणि १० जुलै २०१५ पासून ४५ हून अधिक देशांसाठी शुक्रवार हा एकच दिवस ठरला.

मग अडचण काय?

अडचण गर्दीची आहे. 'लुमिनेट' या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये स्ट्रीमिंग सेवांवर दररोज सरासरी १ लाखाहून अधिक नवे ट्रॅक येत होते. शुक्रवारच्या यादीत मात्र शंभरच्या आसपास गाणी मावतात. म्हणजे ही यादी आठवड्याचा आढावा कमी आणि चाळणी जास्त असते.

चाळणी कोणाच्या हातात?

काही याद्या संपादक बनवतात, काही अल्गोरिदम. स्पॉटिफायवर कलाकार रिलीजच्या आधी आपलं एक गाणं संपादकांकडे पाठवू शकतो. ते किमान ७ दिवस आधी पाठवलं, तर त्याच्या फॉलोअर्सच्या 'रिलीज रडार'मध्ये पोहोचतं. संपादकांच्या यादीत जागा मिळेलच याची हमी नाही. मोठ्या लेबलकडे हे काम पाहायला माणसं असतात. घरातल्या खोलीत रेकॉर्डिंग करणाऱ्याला सगळं एकट्यालाच करावं लागतं.

फटका पैशांनाही बसतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. त्यामुळे यादीत येणं किंवा न येणं हा फक्त कौतुकाचा प्रश्न उरत नाही.

यादीबाहेरचा रस्ता आहे का?

आहे, आणि मराठी श्रोत्यांनी तो पाहिलाय. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ मध्ये रील्सवरून देशभर पोहोचलं. मराठी न समजणारेही त्यावर नाचले. पण रील्सची चाळणीही अल्गोरिदमचीच. तिथे अनेकदा गाण्याचे काही सेकंदच चालतात आणि बाकीचं गाणं मागे राहतं.

ऐकणाऱ्याच्या हातात काय?

वाटतं त्यापेक्षा जास्त. आवडलेल्या कलाकाराला फॉलो करा, गाणं सेव्ह करा, पूर्ण ऐका. स्पॉटिफायवर ३० सेकंदांच्या आत पुढे ढकललेलं गाणं 'ऐकलं' म्हणून मोजलंच जात नाही. पुढच्या शुक्रवारी तुमच्यासमोर काय येणार, हे काही अंशी या शुक्रवारी तुम्ही काय ऐकलं यावरून ठरतं.