बक्षीसपत्राच्या नोंदणीपूर्वी ज्येष्ठ नागरिकांना सांभाळाची अट समजावून सांगण्याबाबत चौथे निवेदन

प्रति,
मा. सक्षम अधिकारी
(दस्त नोंदणी व ज्येष्ठ नागरिकांचे निर्वाह दावे),
मुंबई उपनगर जिल्हा.

संदर्भ : याच विषयावरील यापूर्वीची तीन निवेदने आणि त्यानंतरच्या बैठकीत मिळालेले तोंडी आश्वासन.

महोदय,

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर परिसरातील ज्येष्ठ नागरिक संघांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. पहिल्या निवेदनाची केवळ पोच मिळाली, दुसरे ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ केल्याचे कळवण्यात आले, आणि तिसऱ्यानंतर झालेल्या बैठकीत महिनाभरात माहितीफलक लावले जातील असे सांगण्यात आले. ते फलक अद्याप लागलेले नाहीत. कायद्यातील तरतुदी आपल्या कार्यालयाला ठाऊक असल्यामुळे त्यांची उजळणी येथे केलेली नाही. मात्र या निवेदनाची प्रत संघांच्या मासिक सभांत वाचून दाखवली जाणार असल्याने संज्ञांचा अर्थ त्या त्या ठिकाणी दिला आहे.

मूळ तक्रार बक्षीसपत्राची आहे. बक्षीसपत्र म्हणजे कोणताही मोबदला न घेता, हयातीतच मालकी दुसऱ्याकडे सोपवणारा दस्त. मृत्युपत्र म्हणजे आपल्या पश्चात मालमत्ता कोणाकडे जावी याची लेखी इच्छा, जी दोन साक्षीदारांसमोर करता येते, जिला मुद्रांक शुल्क लागत नाही, जिची नोंदणी ऐच्छिक असते आणि जी करणाऱ्याला शुद्धीत असेपर्यंत कितीही वेळा बदलता येते. उपनगरांतील घराघरांत मात्र या दोन्हींसाठी ‘घर नावावर करून देणे’ असा एकच शब्दप्रयोग रूढ आहे, आणि घात नेमका तिथेच होतो. आपल्यामागे मुलांना कोर्टकचेरी करावी लागू नये एवढ्याच हेतूने घरातून निघालेली वृद्ध व्यक्ती नोंदणी कार्यालयातून बाहेर पडते तेव्हा ज्या घरात तिने तीस-चाळीस वर्षे काढली त्या घरात ती मालक राहिलेली नसते, आणि बहुतेक वेळा ही गोष्ट तिला त्या दिवशी कळतही नाही.

सन २०१५ मध्ये राज्य शासनाने पती-पत्नी, मुले आणि नातवंडे यांना दिल्या जाणाऱ्या निवासी घराच्या बक्षीसपत्रावरील मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपयांवर आणले. निर्णय कुटुंबांच्या सोयीचा होता आणि त्याला संघांचा विरोध नाही. तथापि मोठे शुल्क भरण्याआधी घरात जो विचारविनिमय होत असे, सल्लागाराकडे जी एखादी खेप होत असे, ती या सवलतीनंतर संपली. शुल्क कमी करताना सल्ल्याची काही पर्यायी व्यवस्था उभी करणे आवश्यक होते, आणि ती झालेली नाही.

नोंदणीच्या दिवशी प्रत्यक्षात काय घडते, हे संघांच्या कार्यकर्त्यांनी सभासदांसोबत जाऊन पाहिले आहे. टोकन क्रमांक पुकारला जातो, संगणकासमोर छायाचित्र घेतले जाते आणि मग अंगठा यंत्रावर ठेवायचा असतो. वयोमानाने बोटांवरील रेषा झिजलेल्या असल्यामुळे ठसा उमटत नाही. अंगठा रुमालाने पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा लावायला सांगितले जाते, मागे रांग खोळंबलेली असते, आणि ज्याच्या नावे घर व्हायचे आहे तोच हात धरून शेजारी उभा असतो. या गडबडीत ‘दस्त मान्य आहे ना?’ असा प्रश्न येतो आणि ठसा एकदाचा उमटला या सुटकेच्या भावनेतच ‘हो’ असे उत्तर दिले जाते. दस्तात ‘नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, स्वखुशीने, कायमस्वरूपी आणि अपरिवर्तनीयपणे’ अशी ठरावीक वाक्यरचना असते. देणाऱ्याचा सांभाळ कोण करील, तो राहील कुठे, औषधपाण्याचे काय, यांविषयी एक ओळही नसते.

ही न लिहिलेली ओळ पुढे सर्वांत महाग पडते. पालक व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७च्या अधिनियमातील कलम २३ हे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मागण्याचा हक्क देते. परंतु तशी अट हस्तांतराला जोडलेली होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील निर्णयात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या हिताच्या दृष्टीने उदारपणे लावावा असे म्हटले आणि एका मातेला मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेश दिला. परंतु त्या प्रकरणातही सांभाळाचे वचन लेखी होते. म्हणजेच नोंदणीच्या टेबलावर पाच मिनिटांत लिहिता आली असती अशी एक ओळ नसल्यामुळे पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला न्यायाधिकरणाच्या, म्हणजे निर्वाहाचे दावे ऐकणाऱ्या उपविभागीय अधिकारी स्तरावरील यंत्रणेच्या, दारात तारखा मोजत बसावे लागते.

पुनर्विकासाने या प्रश्नाला आणखी धार आणली आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत जुन्या सोसायट्या पाडून नव्या इमारती उभ्या राहत असताना, ‘करारनाम्यावर सही करायला तरुण माणूस बरा’ असे सांगून त्याआधीच घराचे बक्षीसपत्र करून घेतले जाते. त्यानंतर पर्यायी निवासाचे मासिक भाडे, सभासदांना मिळणारा कॉर्पस निधी (विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम) आणि नव्या सदनिकेचा ताबा हे सर्व नव्या मालकाच्या नावे होते. जुने घर पाडलेले, नवे उभे राहिलेले नाही आणि भाड्याचा धनादेश दुसऱ्याच्या खात्यात, अशा मधल्या काळात आई-वडिलांनी कुठे राहावे हा प्रश्न कोणत्याही करारनाम्यात विचारलेला नसतो. सर्व मुले असे वागतात असा संघांचा मुळीच दावा नाही. बहुसंख्य मुले सांभाळतात, आणि जी सांभाळणार आहेत त्यांना एक अट लिहून देण्यात अडचण वाटण्याचे कारण नाही.

मागील बैठकीत असे उत्तर मिळाले की नोंदणी अधिकाऱ्याला दस्ताच्या आशयात शिरता येत नाही, त्याने केवळ ओळख आणि कबुली तपासायची असते. हे उत्तर मान्य करूनही मागणी शिल्लक राहते, कारण दस्त नाकारावा असे कोणीही म्हटलेले नाही. कबुली घेताना ती समजून दिलेली आहे ना, एवढेच पाहावे असे म्हटले आहे. त्यामुळे मुख्य मागणी पुन्हा मांडण्यात येत आहे. साठ वर्षांवरील व्यक्तीने निवासी घराचे बक्षीसपत्र नोंदणीस आणल्यास, घेणाऱ्याला बाहेर बसवून, त्या व्यक्तीला तिच्या भाषेत विचारावे की आजपासून हे घर आपले राहणार नाही हे ठाऊक आहे काय, मृत्युपत्राचा पर्याय माहीत आहे काय, आणि सांभाळाची अट तसेच मरेपर्यंत त्याच घरात राहण्याचा हक्क दस्तात लिहून हवा आहे काय. या तीन प्रश्नांची उत्तरे सहीनिशी दस्तासोबत जोडावीत, आणि त्या अटीचा मराठी नमुना प्रत्येक कार्यालयात टंकलेखकाच्या टेबलावर ठेवावा. यासाठी नवे पद, नवा निधी किंवा कायद्यातील दुरुस्ती लागत नाही, लागते ते एक परिपत्रक. तिसऱ्या निवेदनासोबत अटीचा मसुदा जोडला होता. तो पुन्हा जोडला आहे.

याखेरीज, निर्वाहाच्या अर्जांसाठी असलेली ९० दिवसांची मुदत पाळली जावी आणि प्रलंबित अर्जांची संख्या दर तिमाहीस फलकावर लावावी. अंथरुणास खिळलेल्यांसाठी गृहभेटीने नोंदणी करण्याची सोय कायद्यात आहे, तिचा अर्ज कोठे द्यायचा हे कळावे. गृहनिर्माण संस्थांच्या नामनिर्देशनाच्या अर्जावर, नामनिर्देशित व्यक्ती आपोआप मालक होत नाही, हे ठळक छापावे. निर्वाहभत्त्याची दरमहा १० हजार रुपयांची कमाल मर्यादा मुंबईतील भाडे आणि औषधे पाहता अपुरी आहे, ही बाब शासनास कळवावी.

पहिल्या निवेदनाप्रमाणे केवळ पोच मिळाल्यास ती उत्तर मानली जाणार नाही, हे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. परिपत्रक कोणत्या तारखेस निघेल आणि कबूल केलेले फलक कोणत्या कार्यालयांत कधी लागतील, याचे लेखी उत्तर १५ दिवसांत मिळावे. ते मिळेपर्यंत संघांचे दोन सभासद दर सोमवारी सकाळी कार्यालयाच्या आवक-जावक खिडकीवर चौकशीस येतील.

कळावे,

अध्यक्ष व सचिव,
ज्येष्ठ नागरिक संघ,
अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर

सोबत : सांभाळाच्या अटीचा मराठी मसुदा, मागील तीन निवेदनांच्या पोचपावत्यांच्या प्रती.