मैनाकिनीच्या बाजूने

आमच्या आष्टी तालुक्यात सावरगावच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. मायंबा म्हणून सारा मुलूख तिला ओळखतो. श्रावणात आमच्या कडा गावातल्या कितीतरी घरांत ‘नवनाथ भक्तिसारा’चे पारायण बसते आणि चाळीस अध्यायांच्या त्या पोथीत स्त्रीराज्याची गोष्ट येते. पुरुष जिथे जगू शकत नाही अशा राज्याची राणी मैनाकिनी तप करते आणि प्रत्यक्ष मारुतीकडे मागणे मागते. मारुती आपले ब्रह्मचर्य सांगतो आणि मच्छिंद्रनाथांना तिच्याकडे पाठवतो. योगी राणीच्या महालात रमतो, मीननाथ जन्मतो आणि मग एके दिवशी गोरक्षनाथ वेष पालटून कलावंतिणींच्या ताफ्यात शिरतात, मृदंगाच्या बोलांतून गुरूला साद घालतात.

धुंडिसुत मालूने १८१९ साली रचलेली ही पोथी भाविकाला मायेतून सुटण्याची वाट दाखवते, यात शंका नाही. पण पारायणाला बसलेल्या बायकांचे चेहरे पाहावेत. त्यांचे मन राणीपाशी रेंगाळलेले असते. जोडीदार कोण हवा हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले, त्यासाठी तप केले, आणि इतक्या सोवळ्या घरांतही त्या ओळी आल्या म्हणून कोणी पोथी मिटत नाही. पुढे १९३२ मध्ये प्रभातने ‘माया मच्छिंद्र’ हा चित्रपट काढला. त्यात व्ही. शांताराम यांनी दुर्गा खोटे यांना राणी केले. पाळलेला चित्ता जवळ बाळगणारी ती करारी राणी मच्छिंद्रनाथांइतकीच लोकांच्या ध्यानात राहिली.

यंदाच्या दिवाळी अंकाचा मोठा भाग आम्ही तरुण वाचकांच्या अद्भुत प्रेमकथांना दिला आहे. अंकाची आखणी चालू असताना काही ज्येष्ठ हितचिंतकांनी कळकळीने विचारले की दुष्काळ, कांद्याचा भाव, ऊसतोड हे सगळे समोर असताना पऱ्यांच्या आणि उडत्या सर्पांच्या प्रेमकहाण्या कशाला? हा प्रश्न मला परका वाटत नाही. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्या दिवाळी अंकांनी गंभीर आणि रंजक दोन्ही वाचन एकाच ताटात वाढले आहे, असे म्हणून मला वेळ निभावून नेता आली असती. पण माझे म्हणणे त्याहून पुढचे आहे. या कथा त्या प्रश्नांपासून दूर नेणाऱ्या नाहीत. आपल्या जिल्ह्यातल्या सोळा वर्षांच्या मुलीपुढचा सगळ्यांत मोठा प्रश्न, तिचा जोडीदार कोण निवडणार हा, त्यांच्या पोटात आहे.

मराठी कादंबरीच्या अगदी पहिल्या पावलांतच हे दिसते. १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, राजकन्या, ताटातूट, चमत्कार, पुनर्भेट. पुढच्या समीक्षकांनी या कादंबऱ्यांना बाळबोध ठरवून बाजूला सारले. रिसबूडांची प्रस्तावना मात्र त्यांनी जरा थांबून वाचायला हवी होती. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: आपली लग्नाची रीत आणि इतर काही कारणे अशी आहेत की आपल्या लोकांच्या आयुष्यात मन वेधून घेईल असा गुणही घडत नाही आणि दोषही घडत नाही; रोजच्या अनुभवाचेच लिहायचे तर वाचक गुंतणार नाही, म्हणून लेखकाला अद्भुताचा आश्रय घ्यावा लागतो.

किती प्रांजळ कबुली आहे ही! मुलीचे लग्न कळत्या वयाआधीच उरकत असेल, तर तरुण मुलगी कोणाला पाहते, कोणाला निवडते, कोणाला नाकारते हे कोणत्या वाड्यात, कोणत्या गल्लीत दाखवणार? तिला निवड करता यावी म्हणून लेखकाला आधी एक वेगळे राज्य वसवावे लागले. वीस-बावीस वर्षांनी हरिभाऊ आपट्यांनी ‘करमणूक’मधून ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिली आणि यमूच्या तोंडून खरे काय घडते ते महाराष्ट्राला ऐकवले. हरिभाऊंचे थोरपण निर्विवाद आहे. पण यमूने जे भोगले ते सांगितले, राजकन्यांनी जे होऊ शकले असते ते दाखवले. वाढत्या वयाच्या मुलीला दोन्ही लागते, आणि शाळेच्या ग्रंथालयात आपण तिला बहुतेक वेळा पहिलेच देतो.

रिसबूडांचे कारण बीड जिल्ह्यात अजून संपलेले नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, आपल्या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कारणे इथे कोणाला सांगायची गरज नाही. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल नवरा-बायकोच्या जोडीवर मिळते. टोळी निघाली की वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे ही आईबापांची धास्ती खरी असते. म्हणून हंगामाच्या तोंडावर घाईघाईने अक्षता पडतात. दिवाळीच्या आसपास, हा अंक घरोघर पोचतो त्याच दिवसांत, ट्रॅक्टरवर संसार लादून टोळ्या कारखान्यांकडे निघालेल्या असतात. त्यांत काल-परवापर्यंत दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलीही असतात. त्या मुलींना कोणी काही विचारलेले नसते.

मग ही मुलगी काय वाचते? मिळेल ते वाचते, आणि फोनवर वाचते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठीत भागाभागांनी चालणाऱ्या प्रेमकथांना मोठा वाचकवर्ग आहे. त्यांत शापित राजपुत्र आहेत, नागलोक आहे, पुनर्जन्म आहे. नगरला कॉलेजात जाणाऱ्या मुली इंग्रजी कादंबऱ्याही आणतात, एकमेकींना देतात. आष्टीची रेल्वे २०२२ पासून कड्याला थांबते. त्या गाडीत मांडीवर जाडजूड पुस्तक उघडून बसलेली मुलगी दिसली की मला फार बरे वाटते.

या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या मी ज्या वाचल्या, त्यांच्याविषयी माझी मते स्पष्ट आहेत. स्टेफनी मेयर यांची ‘ट्वायलाइट’ २००५ ची. तिचा नायक रक्तपिपासू आहे म्हणून माझी तक्रार नाही. तो मुलीच्या खोलीत तिच्या नकळत येऊन ती झोपलेली असताना तिला पाहत बसतो, पुढच्या एका भागात तिने मित्राकडे जाऊ नये म्हणून तिच्या गाडीचा भाग काढून ठेवतो, आणि लेखिका याला प्रेमाची खोली समजते. हे मला मान्य नाही. पाळत ठेवणारे प्रेम आमच्या मुलींनी गावात पुष्कळ पाहिले आहे. त्याला चंद्रप्रकाशात न्हाऊ घालण्याची गरज नाही.

सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ ची, आणि तिचा पुढचा भाग २०१६ चा. तरुणांसाठी म्हणून विकली गेली, पुढे प्रौढांच्या कपाटात गेली, आणि तिथेच ती असावी. शाळकरी वयाला न झेपणारे प्रसंग तिच्यात आहेत. पण तिची नायिका फेयरा मला बीडच्या वाटेवर भेटावी अशी वाटते. घर गरिबीत बुडालेले, शिकार करून कुटुंबाला जगवणारी ही एकोणीस वर्षांची मुलगी, आणि तिला वाचता येत नाही. पहिल्या भागात ज्याच्यासाठी तिने जीव पणाला लावला ते प्रेम दुसऱ्या भागात तिला ‘तुझ्याच रक्षणासाठी’ म्हणून वाड्यात कोंडते, आणि ती निघून जाते. याच भागात ती अक्षरे शिकते. प्रेमकथेच्या मधोमध अक्षरओळखीला इतकी जागा देणाऱ्या लेखिकेविषयी मला आदर आहे. रेबेका यारोस यांच्या २०२३ च्या ‘फोर्थ विंग’मध्येही असेच एक बळ आहे. सांधे सहज निखळणारी नाजूक हाडापेराची मुलगी अग्निसर्पाची स्वार होते, तिच्या शरीराची अडचण कुठल्याही जादूने नाहीशी केली जात नाही. तीही मोठ्यांसाठीची कादंबरी आहे, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

या सगळ्या प्रकारातली एक गोष्ट मात्र मला सतत खटकते. विधात्याने आधीच जुळवलेली जोडी. नायकाशीच नायिकेची गाठ आहे, ती तोडू म्हटले तरी तुटणार नाही, मन लवकरच शरण येईल. फेयराच्या कथेतही हे आहेच. पत्रिकेत छत्तीस गुण जुळले म्हणून मुलीला गप्प बसवणाऱ्या घरातून आलेल्या वाचकाला हा नियतीचा बंध मोहक वाटू शकत नाही. नायिकेच्या नकाराला कथेत काही किंमत नसेल, तर तिच्या होकाराचा आनंद मला होत नाही. अद्भुत प्रेमकथा वाचताना मी हे एकच पाहतो.

आपल्याकडे ही कसोटी फार जुनी आहे. कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे मंदिर आहे, आणि कच-देवयानीची कथा तिथलीच अशी श्रद्धा आहे. संजीवनी शिकायला आलेला कच देवयानीला नाही म्हणतो, तिला तो नकार सोसत नाही, आणि शाप-प्रतिशाप होतात. नाही ऐकून घेणे दैत्यगुरूंच्या मुलीलाही जमले नाही. वि. स. खांडेकरांनी १९५९ मध्ये ‘ययाति’ लिहिताना देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतःची कहाणी स्वतः सांगायला लावली. कितीतरी मराठी मुलामुलींनी प्रेमाविषयीचा पहिला गंभीर वाद या पुस्तकावरून घातला असेल. तो तसाच चालू राहायला हवा होता. तरुणांसाठी अद्भुत प्रेमकथा लिहिण्यात मराठीने नंतर फारसा जीव ओतला नाही, आणि ती जागा भाषांतरांनी व फोनवरच्या घाईच्या मालिकांनी घेतली.

सामग्रीची तर इथे ददात नाही. विहिरीवर साती आसरा आहेत, वेशीबाहेर वेताळ आहे, बीडला पाण्याच्या मधोमध उभे असलेले कंकालेश्वराचे देऊळ आहे, धारूरचा किल्ला आहे, बालाघाटाच्या रांगा आहेत. या अंकातल्या एका कथेत आसरांपैकी सर्वांत धाकटी पाणी सोडायला तयार होते, पण पाण्यात परतायचा हक्क स्वतःकडे राखून. ती कथा मी पुन्हा पुन्हा वाचली.

पुढच्या दिवाळीसाठी आम्हाला अशाच कथा हव्या आहेत, आणि त्या चौदा ते वीस वयाच्या मुलामुलींनीच लिहिलेल्या हव्या आहेत. वहीच्या पानांवर लिहिलेली चालेल. शुद्धलेखन आम्ही पाहू. फोनवर बोलून रेकॉर्ड केलेली कथाही चालेल, उतरवून घेण्याचे काम आमचे. फडावर असाल तर हंगाम संपवून परत आल्यावर पाठवा, तुमच्यासाठी आम्ही थांबू. नाव छापायचे नसेल तर तेवढे फक्त कळवा. घरच्यांना, शाळेला, गावात कोणालाही ते आमच्याकडून समजणार नाही.