फवारणी ड्रोनने की पाठीवरच्या पंपाने?

सन 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. औषधाचा फवारा पानांबरोबर माणसाच्या नाकातोंडावरही पडत होता. ड्रोनचा विचार करताना आरंभ या घटनेपासून करणे उचित होय.

ड्रोनने एका एकराची फवारणी काही मिनिटांत होते, याचे कौतुक सर्वत्र ऐकू येते. परंतु फवारणी करणारा मनुष्य विषाच्या धुक्याबाहेर उभा राहतो, हा लाभ माझ्या मते त्याहून मोठा आहे. म्हणून कपाशी, तूर, ऊस अशी पिके खांद्याच्या वर गेली की ड्रोनला प्रथम पसंती द्यावी.

तथापि, ड्रोन सर्व कामांस पुरा पडत नाही. पांढरी माशी पानाच्या खालच्या अंगास राहते. दाट पिकात वरून पडणारे बारीक थेंब तेथपर्यंत पुरेसे पोचत नाहीत. अशा वेळी, तसेच कीड शेताच्या एखाद्याच भागात असेल तेव्हा, पाठीवरचा पंपच उपयोगी पडतो.

औषधाच्या प्रमाणाबाबत मात्र मोठी चूक होण्याचा संभव आहे. समजा, एखाद्या औषधाची मात्रा एकरी 200 मिलिलिटर आहे. पंपाकरिता ती 200 लिटर पाण्यात मिसळतात. ड्रोनला एकरी सुमारे 10 लिटरच पाणी लागते. पंपाचे लिटरमागचे प्रमाण ड्रोनला लावल्यास एकरात अवघे 10 मिलिलिटर औषध पडेल व कीड मरणार नाही. एकरी मात्रा कायम ठेवल्यास द्रावण वीसपट तीव्र होते. म्हणून ते कालविणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी व चष्मा वापरलाच पाहिजे. वारा असताना ड्रोन उडवू नये; शेजाऱ्याचे पीक, विहीर व मधमाशा यांस त्यापासून अपाय होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ड्रोनचे प्रात्यक्षिक दाखविताना एवढे अवश्य करावे: प्रथम पिकाची उंची व किडीची जागा पाहावी, ड्रोनकरिता मान्यता असलेलेच औषध घ्यावे आणि एकरी मात्रा सर्वांसमक्ष मोजून दाखवावी. साधन कोणतेही असो, फवारणी करून मनुष्य सायंकाळी धडधाकट घरी परतला, तरच ती फवारणी यशस्वी झाली असे समजावे.