केबल यंत्राची मूठ आणि आपले निदान

धाराशिव जिल्ह्याला तालमीची परंपरा नवी नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती धाराशिव नगरीत झाली, तेव्हा या परंपरेविषयीची आस्था पुन्हा दिसून आली. तथापि आजचा तरुण तालमीबरोबरच, किंबहुना तिच्याहून अधिक, जिमकडे वळलेला आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे हात-खांदे तेथेच घडतात व तेथेच दुखावतात. हे रुग्ण आपल्याकडे येतात. परंतु त्यांना विचारावयाचा प्रश्न आपण अद्याप बदललेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमचाच अनुभव सांगतो. मनगटाच्या वेदनेची तक्रार घेऊन आलेल्या एका तरुणास आम्ही तीन आठवडे अभ्यंग, स्वेदन व गुग्गुळ कल्प दिले. उपशय तात्पुरताच मिळे. अखेर आम्ही त्याच्यासोबत जिममध्ये जाऊन त्याचा व्यायाम पाहिला. केबलच्या सरळ दांड्यास उताणी मूठ घालून तो दंडाचा व्यायाम करीत होता. कोपरापासून पुढचा हात स्वभावतः किंचित बाहेर वळतो. सरळ दांडा मात्र दोन्ही मुठी एका रेषेत जखडतो व ते अंतर मनगटास सोसावे लागते. दांडा बदलून आम्ही नागमोडी दांडा घ्यावयास लावला. त्यानंतर तेच औषध लागू पडले. निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा, हे आपण विद्यार्थीदशेपासून घोकतो; पण निदान कोठे दडले होते, हे आम्हास उशिरा दिसले.

या यंत्राचे तत्त्व मोटेच्या चाकाहून वेगळे नाही. लोखंडी दोर कप्पीवरून जातो, एका टोकास वजनाची थप्पी आणि दुसऱ्या टोकास हूक असतो. हातातील वजनाचा भार सदैव भूमीकडेच असतो. केबलचा ताण कप्पी असेल त्या दिशेने येतो व संपूर्ण हालचालीत टिकतो. काही यंत्रांत चल कप्पी असल्याने थप्पीवर २० किलो लावले तरी हाताला सुमारे १० किलोच ओढावे लागतात. म्हणून रुग्णाने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये.

हुकास जी मूठ अडकवतात, तिला जिममध्ये अटॅचमेंट म्हणतात. सांध्याची स्थिती तीच ठरवते. दोराच्या मुठीत तळवे समोरासमोर राहतात व शेवटी हात मोकळे फाकवता येतात. त्यामुळे मनगट व कोपर यांस सरळ दांड्यापेक्षा अधिक मोकळीक मिळते. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची मूठ बसून ओढण्यास सोयीची. एकहाती मुठीने दोन्ही बाजूंचे बल स्वतंत्र कळते. दुर्बल बाजू सबल बाजूआड लपत नाही. लांब दांडा मानेमागे ओढल्यास अंससंधी आपल्या मर्यादेच्या टोकास जातो. तोच छातीपुढे ओढणे हितकर. घोट्याचा पट्टा फार आवळल्यास गुल्फस्थानी दाब पडतो.

ही सर्व स्थाने आपणास परिचित आहेत. मणिबंध व गुल्फ ही रुजाकर मर्मे, तर कूर्पर व अंस ही वैकल्यकर मर्मे सुश्रुताने सांगितली आहेत. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा उपदेशही आपण रुग्णास करतो. संहिताकारांपुढे हे यंत्र नव्हते, परंतु सांध्यास प्रतिकूल अशी चेष्टा वातप्रकोपक ठरते, हे तत्त्व त्यांनीच दिले. मात्रा अर्धी असूनही चेष्टा विषम असेल तर अपाय होणारच.

काही वैद्यबंधू म्हणतील, जिम बंद करावयास सांगणे सोपे. परंतु भरतीच्या मैदानावर गोळाफेकीचे गुण मोजले जातात. त्या तरुणास खांदा वापरल्यावाचून गत्यंतर नाही. आपण व्यायाम सोडावयास सांगितले की तो बहुधा वैद्य सोडतो, व्यायाम नव्हे. म्हणून ‘जिमला जाता का?’ एवढ्यावर न थांबता ‘कोणती मूठ, तळहात कोणत्या दिशेस, कप्पी वर की खाली, आणि नेमके कोणत्या क्षणी दुखते?’ असे विचारावे. हातास बधिरता, बलहानी किंवा सांधा निखळल्याची शंका असल्यास मात्र मूठ बदलून वेळ दवडू नये. अस्थिरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे.

औषधी विक्रेत्यांसही आमची विनंती आहे. वेदनेसाठी तेल मागणारा तरुण प्रथम आपल्याच दुकानी येतो. तेल अवश्य द्यावे. पण एकच तेल वारंवार नेणाऱ्यास वैद्याकडे पाठवावे. त्याची एक बाटली कमी खपेल, परंतु त्याचा खांदा वाचेल.

आपल्या गावातील जिममध्ये प्रत्येक वैद्याने एकदा तरी जावे, त्या मुठी स्वतः हाती धरून पाहाव्यात, एवढेच आमचे मागणे आहे. इत्यलम्.